मिलिग्रॅमकाकांचा काटा

मिलिग्रॅमकाका पंखा बंद करायचे. कारंज्याचा मे महिना, भर दुपार, दुकानात आठ गिऱ्हाइकं घामानं निथळत उभी, आणि हा माणूस शांतपणे उठायचा, पंख्याचं बटण खाली करायचा आणि परत आपल्या काचेच्या पेटीसमोर जाऊन बसायचा. लोक कावायचे. "काका, जीव घेता का आमचा?" काका मान वर न करता म्हणायचे, "तुमचा जीव घामानं जात नाही. लेकराचा पंख्यानं जाऊ शकते." मग पंधरा मिनिटं कोणी कितीही बडबडलं तरी त्या बटणाला हात लागायचा नाही.

त्या काचेच्या पेटीत त्यांचा काटा होता. दोन पितळी पारडी, मधे लांब सुई, खाली संगमरवराची लादी आणि लादीवर पाणसळीचा बुडबुडा. गोळ्या बनतात मोठ्या माणसांच्या मापानं. चार किलोच्या बाळाला त्यातलं औषध द्यायचं तर गोळी खलात घोटायची, भुकटी तोलायची, तिच्यात लॅक्टोज म्हणजे नुसती दुधाची साखर मिसळायची आणि बाळाच्या वजनाप्रमाणे इवल्या इवल्या पुड्या बांधायच्या. हे काम काका करायचे. त्या पारड्याला वारा लागला की ते हलतं आणि हललेल्या पारड्यावर केलेलं वजन खोटं असतं. म्हणून पंखा बंद. एवढी साधी गोष्ट या गावाला चाळीस वर्षांत कळली नाही.

"मिलिग्रॅमकाका" हे नाव गावानंच ठेवलं, आणि प्रेमानं वगैरे ठेवलं नाही, चेष्टेनं ठेवलं. नंतर सवयीनं ते चेष्टेचं राहिलं नाही, हे खरं. पण मला आठवतं. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं काम केलं. हे मी रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. राग निवला की लिहू म्हणून दोन वर्षं थांबले. तो काही निवत नाही. आणि या गावाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती शेवटी सांगणारच आहे.

मी इंझोरीची. बाबा दुसऱ्याच्या वावरात राबायचे, आईही. घरात मीच पहिली फार्मसीचा डिप्लोमा केलेली. डिप्लोमा हातात घेऊन कारंज्यातली सात मेडिकल फिरले. पाच जणांना माझं सर्टिफिकेट भिंतीला टांगायला हवं होतं, मी काउंटरमागे नको होते. एकानं तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही नाही आल्या तरी चालते." आठवं दुकान काकांचं. त्यांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हात कापतात का?" मी म्हटलं, नाही. "उद्यापासून या, बाई."

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि ते पासष्टीचे. तरी दुकानात त्यांनी मला कधी "ए पोरी" केलं नाही. बाई, आणि तुमी. जैन मंदिराच्या गल्लीतले एक जुने व्यापारी एकदा काउंटरवर आले, माझ्याकडे पाहिलं आणि काकांना विचारलं, "हे कोनाची? आडनाव काय?" वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे ज्याला विचारतात त्याला बरोबर कळतं. काका मलम घोटत होते. म्हणाले, "फार्मासिस्ट हायेत. भिंतीवर नंबर लावला हाये, वाचून घ्या." ते गृहस्थ चिठ्ठी उचलून चालते झाले. काकांनी हाक मारली नाही. ते त्यांच्याच समाजाचे, नात्यातलेही होते म्हणे लांबून. मला वाटलं होतं संध्याकाळी याबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "पात्या नीट पुसा, मलम चिकटून राह्यलं."

पहिला पूर्ण आठवडा मी औषधाला हात लावला नाही. चिमट्यानं वजनं उचलायची आणि ठेवायची, एवढंच. मखमलीच्या पेटीत ती ओळीनं बसवलेली असत. मोठी पितळी, आणि मिलिग्रॅमची म्हणजे नखाएवढ्या पातळ पत्र्या, एक कोपरा वर दुमडलेला, चिमट्यात धरायला. बोट लागलेलं त्यांना चालायचं नाही. "घामालेबी वजन असते, बाई." दुसऱ्या दिवशी मी चिडून म्हटलं, हे काय शाळेतलं शिकवता मला. ते म्हणाले, "शाळेत तुमाले वजन शिकवलं. मी उचलाले शिकवून राह्यलो." माझा तेव्हाही स्वभाव असाच होता. मी दोन तास बोलले नाही. त्यांना काही फरक पडला नाही, ते गरम पाण्यानं मापाचे ग्लास धूत बसले.

ते मापाचे ग्लास म्हणजे आणखी एक छळ होता. पातळ औषध ग्लासात ओतलं की काका गुडघे टेकून खाली बसायचे. सत्तरीचा माणूस, गुडघे कटकट वाजायचे, पण डोळा आणि ग्लासावरची रेघ एका पातळीत आल्याशिवाय ते आकडा बोलायचे नाहीत. पाण्याचा कडेनं वर चढलेला भाग सोडून मधल्या खोलगट भागाच्या तळाशी वाचायचं. मी म्हटलं, ग्लासच वर उचला की. "उचलला की तो तिरपा होते. ग्लासानं आपल्याकडं नाही यायचं, आपुन जायचं त्याच्याकडं." मग मीही टेकायचे गुडघे. माझ्या निम्म्या पंजाबी ड्रेसांचे गुडघे त्या फरशीवर विरले आहेत.

दर वर्षी काटा तपासून शिक्का मारून घ्यायला ते वाशीमला न्यायचे. एसटीनं. एका वर्षी मला सोबत घेतलं. मंगरूळपीरपर्यंत गाडी गच्च भरलेली. काकांनी तिकिटं काढली तीन. दोन आमची, एक काट्याची. दोनच जागा मिळाल्या. मला वाटलं एकीवर मी, एकीवर मांडीवर काटा घेऊन काका. त्यांनी खिडकीजवळच्या सीटवर काटा ठेवला, शेजारच्या सीटवर वजनांची पेटी आणि उशी, काट्याला धक्का लागू नये म्हणून. आणि आम्ही दोघं उभे. कंडक्टरनं विचारलं, "काका, पाहुणे कोन हे?" सगळी गाडी हसली. मी रागानं लाल झाले होते. एक आजीबाई म्हणाली, अरे पोरीले तरी बसू दे. काका म्हणाले, "पोरीले धक्का लागला तं ती सांगते. हे सांगत नाही." आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मंगरूळपीर येईस्तोवर मी मनातल्या मनात नोकरी तीनदा सोडली होती.

आणि एकदा वीस मिलिग्रॅमची पत्री हरवली. मी झाडू मारून मोकळी झाले होते. काकांनी पुड्या बांधणं बंद केलं. दोन दिवस. लोक परत जात होते आणि हा माणूस कचरा पिठाच्या चाळणीनं चाळत होता. मी ओरडले, "काका, दहाच्या दोन ठेवा ना तिच्या जागी, दहाची एक तर आहे, दुसरीचं जमवू काहीतरी." त्यांनी चाळणी खाली ठेवली. "जमवू म्हनले की जमवतच राहतो मानूस." तिसऱ्या दिवशी पत्री सापडली. माझ्याच एप्रनच्या बाहीच्या घडीत. काकांनी ती चिमट्यानं उचलली, पुसली, पेटीत ठेवली, आणि पंखा बंद केला. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या कामाच्या दोन रीती होत्या. त्या आता सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

एक म्हणजे "वाचा, बाई". वजनं पारड्यात ठेवायचे काका, पण आकडा ते स्वतः बोलायचे नाहीत. दुसऱ्यानं जवळ यायचं, वाकायचं, पत्र्यांवरचे आकडे एकेक वाचायचे आणि बेरीज मोठ्यानं सांगायची. ते चिठ्ठीशी जुळलं तरच भुकटी दुसऱ्या पारड्यात पडायची. "बरोबर" हा शब्द चालायचा नाही. "बरोबर काय? आकडा बोला." मी विचारलं होतं, तुमचाच काटा, तुमचेच डोळे, माझी काय गरज? ते म्हणाले, "ठेवनाऱ्याले जे ठेवाचं असते तेच दिसते. म्हनून दुसरा लागते." माझ्याआधी कोणी माणूस नसायचा तेव्हा ते काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला आत बोलवायचे आणि वाचायला लावायचे. तुमच्यातल्या किती जणांनी वाचलं असेल. आठवत नसेल कोणाला.

दुसरी रीत म्हणजे उरलेली भुकटी. पुड्या बांधून झाल्या की खलातली उरलेली भुकटी फेकायची नाही. इवल्या बाटलीत भरायची, वर बाळाचं नाव आणि तारीख लिहायची आणि पुड्या संपेपर्यंत जपायची. का, तर कधी शंका आली तर उरलेलं तोलून पाहता येतं. चाळीस वर्षांत तशी शंका कधी आली नव्हती, तरी फळी बाटल्यांनी भरलेली असायची.

किन्हीराजाची सुनिता तिचं बाळ घेऊन आली तेव्हा ते चार महिन्यांचं होतं. मुलगी. तिला झटके यायचे. डॉक्टरांनी झटक्यांच्या औषधाच्या पुड्या लिहून दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की हे काम जिल्ह्यात एकच माणूस करतो. दोन एसट्या बदलून ती यायची. दर पंधरा दिवसांनी. काका तिला आधी पाणी द्यायचे, मग पंखा बंद करायचे, आणि पंखा बंद केला म्हणून कधीही न चिडलेली गिऱ्हाइकं मी मोजली तर त्यात सुनिता पहिली. ती पदरानं बाळाला वारा घालत बसायची आणि एकटक काट्याकडे पाहायची.

तोवर काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. पुड्या कोण बांधणार म्हणून. मी म्हटलं, मी बांधते. म्हणाले, "मंग वाचनार कोन?"

सुनिता एका खेपेला आली, त्या दिवशी दहा गोळ्या घोटून भुकटी झाली होती ग्रॅमभर, म्हणजे हजार मिलिग्रॅम. त्यातली तीनशे घ्यायची, बाकी लॅक्टोज घालून ठरलेलं वजन पुरं करायचं आणि पुड्या पाडायच्या. काकांनी पत्र्या ठेवल्या. "वाचा, बाई." मी "तीनशे" म्हणाले. पुड्या झाल्या, उरलेली भुकटी बाटलीत गेली, सुनिता गाडीला गेली.

चौथ्या दिवशी ती परत आली. सोबत तिचा नवरा, आणि खांद्यावर मान टाकलेलं बाळ. दोन दिवसांपासून बाळ नुसतं झोपून होतं, दूध तोंडात धरायचं आणि सोडून द्यायचं. ते थेट डॉक्टरांकडेच गेले होते. डॉक्टरांनी पुड्या थांबवल्या, बाळाला ठेवून घ्यायचं ठरवलं आणि नवऱ्याला सांगितलं, भरती करायच्या आधी दुकानात विचारून या. डॉक्टरांना स्वतःला पुड्यांत चूक असेल असं वाटलं नव्हतं, असल्या औषधानं झोप येतेच म्हणाले.

काकांनी काही न विचारता पंखा बंद केला. बाटली काढली. उरायला हवी होती सातशे. थोडी खलाला चिकटते, म्हणून सहाशे नव्वद धरू. त्यांनी तोलली, माझ्याकडून वाचून घेतलं, परत तोलली, पारडी बदलून परत तोलली. सहाशेला आठ-दहा कमी. पेटीत दोनशेच्या पत्र्या दोन असतात. एक दोनशे आणि एक शंभर ठेवण्याऐवजी काकांनी त्या दिवशी दोन्ही दोनशेच ठेवल्या होत्या. तीनशेच्या जागी चारशे. वरून लॅक्टोजनं एकूण वजन जुळवून घेतलं, म्हणून पुड्या मोजून बरोबर भरल्या आणि कोणाला काही कळलं नाही.

दुकानात तेव्हा सहा-सात माणसं होती. मी काकांचा हात धरला, म्हटलं, आत चला, आत बोलू. त्यांनी हात सोडवून घेतला. उभे राहिले, सुनितासमोर हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, माह्या हातून चुकलं. तीनशेच्या जागी चारशे पडलं. तुमच्या लेकराले मी जास्त औषध देलं." सुनिताचा नवरा अंगावर धावून आला. सुनितानं त्याला अडवलं. ती एवढंच बोलली, "आता काय कराचं ते सांगा." काका तिच्यासोबत पायी दवाखान्यात गेले, डॉक्टरांच्या हातात आकडा लिहिलेला कागद ठेवला. आकडा कळल्यामुळे डॉक्टरांना पुढचं नेमकं ठरवता आलं. दोन दिवसांनी बाळ दूध प्यायला लागलं, पाचव्या दिवशी घरी गेलं. त्याला काही झालं नाही. हे मी परत लिहिते, कारण तुमच्या मोबाइलवर वेगळं आलं होतं. बाळाला काही झालं नाही.

मोबाइलवर काय आलं होतं ते मला पाठ आहे. "कारंज्यातल्या मेडिकलमध्ये चुकीच्या औषधानं बाळ मृत्यूच्या दारात, सर्वांना पाठवा." तुम्ही सर्वांना पाठवलं. ज्यांच्या अंगावरचा नायटा काकांच्या मलमानं गेला त्यांनी पाठवलं. ज्यांची लेकरं काकांच्या पुड्यांवर जगली, मोठी झाली, पुण्याला कंपनीत लागली, त्यांनी तिथून पाठवलं. मला स्वतःला तीन ठिकाणांहून आलं, त्यातलं एक माझ्या मावसभावाकडून, खाली हात जोडलेलं चित्र. आणि ज्या पाच दुकानांत फार्मासिस्ट फक्त भिंतीवर असतो, त्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, बरं झालं आमच्याकडे आलात.

डॉक्टर मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काकांनी बोलायची काही गरज नव्हती. औषध आपोआप उतरलं असतं. कोणाला कळलं असतं?" ते खरंच बोलत होते. कोणाला कळलं नसतं. ज्या माणसानं स्वतःची चूक पकडायला फळीभर बाटल्या जपल्या, त्याच माणसाची चूक गावाला कळली. बाकीच्यांची कळणार कशी? त्यांच्याकडे बाटलीच नाही. ते चिमटीनं अंदाजे टाकतात, आणि अंदाज कधी चुकत नाही, कारण तो कोणी तोलत नाही.

त्यानंतर पुड्यांच्या चिठ्ठ्या येणं थांबलं. आता चिठ्ठीवर लिहून येतं, "गोळीचा पाव भाग". माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, बाया ओट्यावर विळीनं गोळीचे चार तुकडे करतात. एक तुकडा मोठा, एक बारीक, एकाचा चुरा होऊन उडून जातो. मोठा तुकडा पडला त्या दिवशी लेकरू झोपतं, बारीक पडला त्या दिवशी झटका येतो. त्याबद्दल कोणाच्या मोबाइलवर काही येत नाही.

परत आली ती फक्त सुनिता. पुड्या सुरू करायची वेळ झाली तशी दोन एसट्या बदलून आली आणि बाकावर बसली. काका म्हणाले, "मी नाही बांधत आता, बाई. डोळा गेला माहा." ती म्हणाली, "मले तुमच्याच दुकानातली पाह्यजे. चुकलं तं तुमी सांगता. दुसरा सांगन का?" काकांनी जाऊन पंखा बंद केला. मग म्हणाले, "वजनं ह्या बाई ठेवतीन. मी वाचीन." ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि सुनितालाही आत बोलावलं. "तुमीबी वाचा. तुमचं लेकरू हाये."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ठेवणारी होते आणि ते वाचणारे. माझा हात कापत होता. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, हात कापतात का. चिमट्यातून शंभरची पत्री दोनदा सुटली. भिंग लावून काकांनी वाचलं, "दोनशे. शंभर. तीनशे." मग दहावी शिकलेली सुनिता वाकली आणि तिनं सावकाश, शाळेत वाचतात तसं वाचलं, "दोनशे. शंभर." मुलीच्या झटक्यांचं औषध बंद होईपर्यंत आम्ही तिघांनी असं केलं.

काकांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. नवा डोळा चांगला लागला. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरं ते मला लांबून वाचून दाखवायचे. रोज सकाळी काटा पुसायचे, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचे, पेटी उघडून पत्र्या मोजायचे आणि बसायचे. सुनिताच्या पुड्या थांबल्यावर तर वर्षभर तसे बसले, एक चिठ्ठी न येता. पंखा चालूच असायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, वा काका, आता बरं गार वाटते तुमच्या दुकानात. मला त्या गिऱ्हाइकांच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटायचं. पुढच्या पाडव्याला त्यांनी लायसन परत केलं. मला वाशीमला दवाखान्यात नोकरी लागली.

पुढे कावीळ होऊन ते पडले तेव्हा मी घरी भेटायला गेले. खाटेवर बसले होते, पायाशी काट्याची काचेची पेटी, तिच्यावर दुपटं. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, "काका, त्या दिवशी मी पारडं वाचलं नव्हतं."

त्या दिवशी माझा भाऊ फोनवर होता. मला पाहायला आलेल्या मुलाकडच्यांना मी नोकरी सोडावी असं वाटत होतं आणि मी भावाशी भांडत होते. काकांनी "वाचा, बाई" म्हटलं तेव्हा मोबाइल माझ्या कानाला होता. समोर टेबलावर डॉक्टरांची चिठ्ठी होती. तिच्यावर तीनशे लिहिलं होतं. मी चिठ्ठी वाचली. वाकलेही नाही.

काका म्हणाले, "मले मालूम हाये. तू वाकली नव्हती."

दुकान सुटल्यावरच त्यांनी मला पहिल्यांदा तू म्हटलं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "माहीत होतं तर बोलले काहून नाही? दुकानात सगळ्यांसमोर काहून म्हटलं, माह्या हातून? माझं होतं त्यात. अर्धं माझं होतं."

"ठेवलं मी होतं. आनि वाकली नाही हे पाहूनबी मी भुकटी टाकली. मंग?" थोडं थांबून म्हणाले, "तुह्या आडनावाची पोरगी. त्यायनं तुले कुठंच उभं राहू देलं नसतं. माहं काय, दुकानच जानार होतं."

मी त्यांच्याशी भांडले. आजारी माणसाशी. म्हटलं, मला विचारायचं होतं तुम्ही. मला न विचारता माझी चूक उचलून घेणारे तुम्ही कोण? जन्मभर मला वजनाला बोट लावू दिलं नाही, आणि माझं हे वजन खुशाल उचललं. त्यांनी ऐकून घेतलं. दमले होते. शेवटी म्हणाले, "मले सांगून काय फायदा, पोरी. मले तं माहीतच होतं. ज्याले माहीत नाही त्याले सांगजो."

महिन्याभरात ते गेले. मी सांगितलं नाही. नोकरी नवी होती, लग्न झालं होतं, काही ना काही होतं. जमवत राहिले. दोन वर्षं.

मागच्या महिन्यात किन्हीराजाला गेले. सुनिताची मुलगी आता शाळेत जाते, औषध कधीचंच सुटलं. सुनितानं अंगणात खाट टाकली, चहा ठेवला, काकांची आठवण काढली, म्हणाली असा मानूस होनार नाही. मग मी तिला सांगितलं. सगळं, फोनसकट. ती ऐकत राहिली. चुलीवर चहा उतू गेला तरी उठली नाही.

"म्हनजे त्या म्हाताऱ्याले लोक बोलून राह्यले होते, तवा तुमी बाजूलेच उभ्या होत्या," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मी तुमच्या हातची पुडी देली लेकराले. तुमी थरथरत होत्या तं मले वाटलं, काकाचं दुख लागलं."

तिनं चहा ओतला नाही. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मले सांगून काय होते? त्यायनं कारंज्यात सांगतलं होतं, सगळ्यायसमोर. तुमीबी तिथंच सांगा."

तिचा राग रास्त आहे. तुमच्यावरचा माझाही आहे, तो हे लिहून गेलेला नाही. पण तुम्ही सगळ्यांना पाठवलंत त्यात एक आकडा कमी होता, तो हा. काकांनी पारड्यात चारशे ठेवले होते. मी तीनशे वाचले.